‘हा व्यवहार माझा नाही’

डेबोरा सिस्टरना एका वाक्याचे अठरा हजार नऊशे रुपये मिळणार होते. वाक्य मोठं नव्हतं. ‘हा व्यवहार माझा नाही.’ चार शब्द. म्हणजे शब्दामागे पावणेपाच हजारांच्या आसपास. रोह्यात एवढा दर वकिलालाही पडत नाही. आणि ते वाक्य लिहायलाही नको होतं. बँकेच्या फॉर्मवर छापलेलंच होतं, पुढच्या चौकोनात बरोबरची खूण तेवढी करायची. सिस्टरनी ती केली नाही. का केली नाही यावर आमच्या आळीत अजून दोन तट आहेत. म्हणून जमा-खर्च एकदा नीट मांडून ठेवतो.

सिस्टर म्हणजे डेबोरा पेणकर. आडनाव पेणचं, जन्म रोह्याचा आणि नातलग झाडून सगळे इस्राएलला गेलेले. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं. त्यामुळे अर्ध्या रोह्याने त्यांच्या हातून सुई टोचून घेतली आहे आणि उरलेलं अर्धं नुसत्या नजरेलाच घाबरतं. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं आता इथे एका हाताच्या बोटांत संपतात, पण सिस्टरचा शब्बाथ भरल्या आळीत पाळावा तसा कडक. शुक्रवारी सूर्य बुडाला की विस्तव पेटवायचा नाही, पैशाला हात लावायचा नाही, फोन बंद करून कपाटात. शनिवारी तीन तारे दिसले की मग जग पुन्हा सुरू. पावसाळ्यात तारे कुठले दिसायला? तेव्हा समोरच्या मेडिकलवाल्याची पाटी पेटून बराच वेळ झाला की सिस्टर ढगाआडचे तारे अंदाजाने मोजून घेतात.

शनिवारी त्यांचा गॅस पेटवायला सीताबाई येते. ही मूळची खाडीकडची, मिठागरात वाढलेली. आता रोह्यात चार घरी पोळीभाजी करते. चारही घरांतली माणसं कंपनीत शिफ्टला, त्यामुळे चारही घरांच्या किल्ल्या सीताबाईच्या कमरेला. शनिवारच्या कामाचे पैसे मात्र ती सिस्टरकडून घेत नाही. “चाय ठेवायचे पैशे कोण घेतं काय?” म्हणते. सिस्टर फुकटचा चहा पिणाऱ्यांतल्या नव्हेत. म्हणून सीताबाईच्या घरच्या गणपतीची मूर्ती वर्षानुवर्षं सिस्टरच्या पैशाने येते. दोन्हीकडच्या देवांना ही व्यवस्था ठाऊक असणारच. आजवर कुणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

पूर्वी मूर्तीचे पैसे शुक्रवारी रोख दिले जात. अलीकडे कार्ड आलं. सीताबाईला पेणला जायला मोकळा वार शनिवारच, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत कार्ड आणि त्याचे चार आकडे तिच्या हवाली. हे चार आकडे कुणालाही सांगू नका, असं बँक कानीकपाळी ओरडत असते. सिस्टरच्या मते सीताबाई म्हणजे ‘कुणीही’ नव्हे.

तर त्या शनिवारी सीताबाई गाडीने पेणला उतरली, मिनीडोर रिक्षाने हमरापूरला दत्ताशेठच्या मूर्तींच्या कारखान्यात गेली. दत्तात्रेय हे पाळण्यातलं नाव, पण मूर्ती शेकड्याने जायला लागल्यावर माणसाचा शेठ होतोच. मूर्तीची किंमत ठरलेली, एकवीसशे. दत्ताशेठचं कार्डाचं मशीन प्लॅस्टरच्या भुकटीने खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं. पिशवी आतून-बाहेरून पांढरी, आकडे धुक्यातल्या माणसांसारखे.

“किती टाकलंव?” सीताबाईने विचारलं.

“एकवीसशे. दाब तुझा नंबर.”

तिने दाबला. मशीन टुणकन वाजलं. पावतीचा कागद संपलेला होता. “मेसेज जाईल सिस्टरना,” दत्ताशेठ म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मेसेज गेलाही. तो रोह्यात कपाटात, बंद फोनात जाऊन पडला.

संध्याकाळी मेडिकलची पाटी पेटली, सिस्टरचे तारे मोजून झाले, फोन उघडला. सीताबाई तेव्हा स्वयंपाकघरात कप विसळत होती.

“सीते, मूर्ती कितीची गो?”

“एकवीसशेची. का?”

“एकवीस हजार गेलेत.”

कप मोरीत पडला. सीताबाईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते चुकीचं: “शिस्टर, मी नाय!”

“तुला कोण म्हटलं तू म्हणून?” सिस्टर म्हणाल्या. “आधी कपाचे तुकडे उचल. पायात जातील.”

पण सीताबाई दारात येऊन जी रडायला लागली, ती सगळ्या आळीने ऐकली. एवढ्या मोठ्याने रडलं की माणूस निर्दोष तरी ठरतो नाहीतर चोर तरी. आळीने आपापल्या स्वभावाप्रमाणे निवड केली.

रविवारी सिस्टरनी दत्ताशेठना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चार फुटी बुक केलीय ना तुमच्या बाईनं. तिनंच सांगितलं, औंदा मोठा आणायचा. नंबर पण तिनंच दाबला. माझ्याकडं बिल हाय.”

सिस्टरनी फोन ठेवला. ते अठरा हजार नऊशे डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी बाजूला काढलेले होते. गणपतीच्या आधी ऑपरेशन उरकायचं ठरलं होतं. हे त्या कुणाला बोलल्या नाहीत. डॉक्टरांचा कंपाउंडर बोलला, म्हणून आम्हाला ठाऊक.

सोमवारी सिस्टर बँकेत. बँकेचं नाव घेत नाही; माझंही खातं तिथेच आहे. तिथला अधिकारी ऋत्विक, पुण्याहून बदलून आलेला, बोलायला गोड, मनाने खरोखर चांगला. मदत करायची त्याला भारी हौस. त्याने फॉर्म पुढे केला.

“मॅडम, इथे दोन चौकोन आहेत. पहिला, ‘हा व्यवहार माझा नाही’. दुसरा, ‘व्यवहार माझा आहे, रक्कम चुकीची आहे’. तुम्ही पहिल्यावर खूण करा.”

“का?”

“त्यात रक्कम तात्पुरती का होईना, लवकर खात्यात जमा होते. चौकशी मागाहून. दुसऱ्यात दुकानदाराचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. आणि त्याने बिल दाखवलं, की आमचे हात बांधलेले.”

“पण व्यवहार माझाच आहे. मीच कार्ड दिलं.”

ऋत्विकने इकडेतिकडे पाहिलं. “मॅडम, हे मोठ्याने बोलू नका. खाली प्रश्न आहे, पिन कुणाला सांगितला होता का. तिथे ‘नाही’ लिहा. म्हणजे मी सांगत नाहीये. पण लिहा.”

“बरं. पहिल्यावर खूण केली, खाली नाही म्हटलं. मग चोर कोण?”

“ते पोलीस बघतील. तक्रारीची प्रत जोडावीच लागते. मशीनवर पिन बरोबर पडलाय, म्हणजे घरात येणारं-जाणारं कोणीतरी. तुम्हाला नाव द्यायचीही गरज नाही. ते काढतात शोधून.”

“काढतील ना. सीतेला काढतील. दुसरं कोण येतं माझ्याकडे?”

“मग ती म्हणेलच ना, मी नाही केलं म्हणून.”

“तू लहानपणी इंजेक्शनला रडायचास का रे?”

“अं? नाही. का?”

“वाटलंच. टोचून घेणाऱ्याचं दुखणं किती, याचा अंदाज नाही तुला. पेन दे.”

सिस्टरनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. आणि खालच्या प्रश्नापुढे, जागा अपुरी पडली म्हणून समासात, लिहिलं: ‘होय. सीताबाईला सांगितला होता. मी स्वतः सांगितला.’ ऋत्विकने ते वाचून कपाळाला हात लावला. एखादा माणूस दुकानात जाऊन स्वतःहून जास्त पैसे देतो, तेव्हा दुकानदार जसा बघतो, तसा तो बघत होता.

त्यानंतर सिस्टरना पैसे घेण्याचे आग्रह सुरू झाले. भाचा रूबेन इस्राएलमधल्या अश्दोदहून व्हिडिओवर आला. “आँटी, सोड ना. अठरा हजार म्हणजे इथे दोन वेळचं हॉटेल. मी आजच पाठवतो.”

“पाठव,” सिस्टर म्हणाल्या, “आणि बरोबर एक कागद पाठव, की सीतेने पैसे घेतले नाहीत. तुझ्या बँकेत मिळतो का बघ.”

रूबेनने विषय बदलून हवामान विचारलं.

दुसरा आग्रह घरातलाच. सीताबाईने पदराच्या टोकातून हजार रुपये सोडून टेबलावर ठेवले. “म्हयन्याला हजार देईन. फिटतील.”

सिस्टर एवढ्या चिडल्या की दोन आळ्या पलीकडे ऐकू गेलं. “उचल ते! आज हजार दिलेस, तर उद्या सगळे म्हणतील, बघा, घेतले होते म्हणूनच फेडते. अक्कल गहाण टाकलीस काय गो?”

“पन लोक बोलायलेच हायत, शिस्टर. कालनीतल्या वैनींनी किल्ली मागून घेतली आज. म्हनाल्या, घरी पाहुणे येनार हायत, लागंल.”

चारातली एक किल्ली गेली होती. उरलेल्या तिन्हींचे मालकही कमरेकडे बघायला लागले होते. सीताबाईचं सगळं भांडवल त्या कमरेला होतं. पैसे परत मिळाले आणि नाव नाही मिळालं, तर सिस्टरचा डोळा उघडणार आणि हिची चूल बंद होणार, हे दोघींनाही न बोलता कळत होतं.

बँकेचं उत्तर आलं. दुकानदाराने बिल सादर केलं आहे: शाडूची मूर्ती, चार फूट, एकवीस हजार. पिन योग्य. तक्रार बंद करण्यात येत आहे, काही नवा पुरावा असल्यास कळवावे. पाठोपाठ ऋत्विकचा फोन. बिचारा तळमळत होता. “मॅडम, अजून वेळ गेलेली नाही. घाबरून चुकून दुसऱ्यावर खूण केली, असं लिहून द्या. मी नवा फॉर्म काढून ठेवतो.”

“ठेव काढून. दुसऱ्या कुणाला लागेल,” म्हणून सिस्टरनी फोन ठेवला आणि सीताबाईला हाक मारली.

“सीते, चार फुटी गणपती तुझ्या घरात जाईल?”

“दारातनं वाकून आमीच जातो. आनि आमच्या घरचा वाढवतात नाय. सासऱ्यांच्या वेळपासनं आहे तेवढाच.”

“तेवढाच म्हणजे केवढा?”

“पाटावर बसंल तेवढा.”

“पाट कुठाय?”

“कुठाय म्हंजे? दिलाय की कारखान्यात. आषाढ लागायच्या आधीच, सुपारी ठेवून.”

सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “उद्या कामाला दांडी मार,” म्हणाल्या. “गणपती बघायला जाऊ.”

आपल्याकडे घरच्या गणपतीचा पाट कारखान्यात आधी जातो आणि देव त्यावर बसून घरी येतो, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण आम्ही सगळे पाट देणारे. एवढे दिवस आळीत बसून बँक, पिन, पोलीस यांवर बोललो. पाटाचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं ते जिच्या घरी कधी पाट मांडला गेला नाही तिच्या. माझ्या लेखी सिस्टरची पहिली जमा ही.

दुसऱ्या दिवशी दोघी गाडीने निघाल्या. कासू स्टेशनात गाडी उगाच थांबली, तेव्हा सीताबाई म्हणाली, “भांडायचं नाय हां शिस्टर. त्याच्याकडं आमचा देव हाय.”

“मी कशाला भांडू? मी बघायला चाललेय.”

कारखान्यात पांढऱ्या गणपतींची दाटी. कुणाला डोळे आलेले, कुणाला यायचे. दत्ताशेठ पितांबराच्या किनारीत गुंतले होते. सिस्टरना पाहून ब्रश तसाच हातात.

“आमची मूर्ती दाखवा,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी कोपऱ्यातल्या चार फुटीकडे बोट केलं. “ती काय.”

“सुरेख आहे. पाट कुठाय तिचा?”

“मोठ्या मूर्तीला पाट नसतो सिस्टर. तिला चौरंग.”

“मग सीतेचा पाट कुठाय?”

दत्ताशेठची नजर वरच्या फळीवर गेली. सीताबाईची त्यांच्या आधी गेली होती. तिथे एक जुना शिसवी पाट, कडेला ऑइल पेंटने ‘बाबाजी’, सीताबाईच्या सासऱ्यांचं नाव. पाटावर एक लहानसा गणपती, सोंडेपर्यंत रंगून तयार. सीताबाईने भांडण वगैरे विसरून हात जोडले.

“हा कुणाचा मग?” सिस्टरनी विचारलं.

दत्ताशेठ ब्रश पाण्यात घालून ढवळत राहिले.

“एक करा, शेठ. ती चार फुटी उचला आणि या पाटावर ठेवून दाखवा. बसली, तर मी इथून तशीच स्टेशनवर जाते. तुमचं बिल खरं.”

“तशी बसायची नाय.”

“मग ही लहान उतरवा आणि पाट परत द्या हिचा.”

“पाटावर बसवलेला उतरवत नाय सिस्टर,” ते एकदम म्हणाले. “एकदा बसवला की त्या घरचा झाला. हात पन लावत नाय आमी.”

“चला, एक गोष्ट तरी खरी निघाली. बसलाय तो कितीचा?”

दत्ताशेठनी त्या गणपतीकडे पाहिलं. हाच माणूस फोनवर खोटं बोलला होता, बँकेला खोटं बिल लिहून दिलं होतं, आणि त्यातलं काही त्याच्या हाताला जड गेलं नव्हतं. पण स्वतःच्या हाताने पाटावर बसवलेल्या देवाची किंमत त्याच्यासमोर वाढवून सांगणं त्याला जमेना.

“एकवीसशे,” ते म्हणाले.

मग सगळंच बाहेर आलं. पिशवीखाली शून्याचं बटण चिकटत होतं, एक शून्य जास्त पडलं. संध्याकाळी हिशेब करताना कळलं. पण तोवर रंगवाला जुनी बाकी मागत दारात बसलेला. पैसे जसे खात्यात आले तसे त्याच्याकडे गेले. सिस्टरचा फोन आला तेव्हा परत द्यायला काही नव्हतं, म्हणून तोंडाला चार फुटी आली. एकदा चार फुटी म्हटल्यावर बिलही चार फुटीचं करावं लागलं.

“आनि माझं काय झालं, ते ठाव हाय तुमाला?” सीताबाई पहिल्यांदाच बोलली. “माझी किल्ली गेली.”

दत्ताशेठनी मान खाली घातली. मग व्यापारी माणूस, त्यांनी तोडगा काढला. “गौरी गेल्या की रोख आनून देतो घरी. अठरा हजार नऊशे, पै कमी नाय. या बाबाजीच्या पाटावर हात ठेवून सांगतो. तुमी तक्रार तेवढी विसरा. बँकेनं मशीन बंद केलं, तर सीझनात मेलो मी.”

तोडगा वाईट नव्हता. सिस्टरना सगळे पैसे मिळत होते, कारखाना वाचत होता, बँकेचा ताप जात होता. दत्ताशेठनी शब्दही पाळला असता, याबद्दल मला शंका नाही. फक्त बँकेच्या दप्तरात कायमचं राहिलं असतं, की रोह्याच्या सीताबाईने दुसरीच्या कार्डावर चार फुटी गणपती घेतला.

“पैसे गौरीनंतर दिलेत तरी चालेल,” सिस्टर म्हणाल्या. “चिठ्ठी आत्ता द्या. रक्कम चुकून पडली, मूर्ती एकवीसशेची, बिल खोटं.”

“अहो, चिठ्ठी दिली की बँक पैशे आत्ताच कापनार!”

“मग आत्ता कापू देत. माझी हरकत नाही.”

दत्ताशेठना हसावं की रडावं कळेना. त्यांनी हसायचं ठरवलं. चिठ्ठी लिहिली. हात रंगलेले असल्यामुळे सहीला सोनेरी बोट लागलं.

“आणि एक फोन,” सिस्टर म्हणाल्या. कॉलनीतल्या वहिनींचा नंबर सीताबाईकडे होताच. दत्ताशेठनी, मूर्ती शेकड्याने विकणाऱ्या शेठने, ओळखपाळख नसलेल्या बाईला फोन करून सांगितलं, “वैनी, मी हमरापूरवरनं बोलतो. सीताबायची काय चूक नाय. चूक माझी हाय.” दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा वहिनींना वाटलं, कुणीतरी कार्डाचा नंबर विचारणारा फसवा फोन आहे.

निघताना सिस्टर दाराशी थांबल्या. “ती पिशवी काढा मशीनवरची,” म्हणाल्या. “आणि किनार सुरेख जमलीय.”

आता कुणी किती भरलं ते. दत्ताशेठनी अठरा हजार नऊशे भरले आणि वर बँकेचा दंड. मशीन आठवडाभर बंद राहिलं, तेवढे दिवस रोखीने निभावलं. सिस्टरनी मूर्तीचे एकवीसशे भरले, ते ठरलेलेच होते. शिवाय दोघींचं गाडीचं आणि मिनीडोरचं भाडं, पिन फुटला म्हणून बँकेने घ्यायला लावलेल्या नव्या कार्डाचे पैसे, आणि ऑपरेशनची तारीख गेली ती थेट दिवाळीनंतर. ऋत्विकने वरिष्ठांची बोलणी खाल्ली, समासात लिहिलेला फॉर्म घेतला म्हणून. रूबेनचं काही गेलं नाही. बँकेने तक्रार निवारणाचा आनंद झाल्याचा मेसेज पाठवला, तोही शनिवारी. सीताबाईचा एका दिवसाचा खाडा झाला. कॉलनीतल्या वहिनींनी चुकलं म्हणून तिला चहा पाजला, पण तोवर त्यांनी दुसरी बाई लावली होती. त्या घरचे महिन्याला अठराशे. सिस्टरनी ते आपल्याकडून द्यायला काढले, सीताबाईने घेतले नाहीत. तेव्हा तो तोटा महिन्याचे महिन्याला अजून तीच भरते आहे.